हरकती आणि सूचना

परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा, लोक अजूनही ज्याला एल्फिन्स्टनचा पूल म्हणतात तो रस्त्याचा पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी वाहतुकीस बंद झाला. शंभरी ओलांडलेला हा पूल पाडून त्या जागी दुमजली पूल उभारावयाचा, वरळी-शिवडी जोडरस्ता त्याच्या वरच्या मजल्यावरून न्यावयाचा आणि मोटारी थेट अटल सेतूला पोहोचवावयाच्या, अशी ही योजना. पूल बंद करण्याचा पहिला प्रयत्न त्याच वर्षी एप्रिल महिन्यात झाला होता. त्या वेळी वाहतूक पोलिसांनी रीतसर 'हरकती व सूचना' मागविल्या, आजूबाजूचे रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि काम काही महिने पुढे ढकलावे लागले.

'हरकती व सूचना' हे दोन शब्द आपल्या सरकारी मराठीत जुळ्या भावंडांप्रमाणे जोडीनेच वावरतात. वस्तुतः त्यांचा स्वभाव अगदी भिन्न आहे. हरकत घेणारा माणूस सांगतो, 'हे करू नका'. सूचना करणारा सांगतो, 'मी रोज येथून जातो, मला काय दिसते ते ऐका'. परंतु नोटिशीच्या खाली हे दोन शब्द एकदा शेजारी बसले की कचेरीतल्या मंडळींना दोघांचे तोंडवळे सारखेच दिसू लागतात, आणि आलेले प्रत्येक पत्र म्हणजे कामात आलेला एक अडथळा, अशीच त्याची गणना होते. शिवाय हा प्रश्न विचारला जातो तो केव्हा? तर पूल पाडण्याचा दिवस ठरल्यानंतर. वाहने कोठून वळवावीत, एवढ्यापुरतेच नागरिकाचे मत मागावयाचे. नव्या पुलाचे जिने कोठे उतरावेत, केईएम आणि टाटा रुग्णालयांकडे चालत जाणाऱ्या रुग्णाने रुळांचा हा पट्टा कसा ओलांडावा, पावसात आडोसा कोठे असावा, हे नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्याच्या वापरकर्त्याला विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

ही पद्धत नसल्याची किंमत याच ठिकाणी एकदा मोजून झालेली आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी ऑफिसच्या ऐन वेळेला अवचित पाऊस आला, खाली उतरणारी माणसे जिन्यावरच थबकली, मागून आलेल्या गाड्यांची गर्दी त्यांच्यावर लोटली, आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या त्या अरुंद पादचारी पुलावर तेवीस माणसे चेंगरून मेली. रेल्वेच्या चौकशीने जोरदार पावसाकडे बोट दाखविले. मुंबईत सप्टेंबरात पाऊस पडतो, ही गोष्ट तशी फारशी गुप्त नाही.

पाऊस हे निमित्त होते. कारण शोधावयाचे तर तीन-साडेतीन दशके मागे जावे लागते. गिरणगावातला कामगार गिरणीच्या आसपासच्या चाळीत राहत असे. भोंगा झाला की तो पायी कामावर जाई. लोकलने परळ गाठण्याची गरज असलेली माणसे त्या मानाने थोडी होती, आणि स्थानके त्याच बेताने बांधलेली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनींना नवे रूप घेण्याची वाट मोकळी करून दिली, आणि जेथे मागावरचे सूत होते तेथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींतला नोकरदार परळच्या चाळीत राहत नाही. तो डोंबिवलीहून येतो, विरारहून येतो, पनवेलहून येतो. म्हणजे पूर्वी जी वस्ती पायी कामावर जात होती तिची जागा रोज रेल्वेने येणाऱ्या लोकांनी घेतली. स्थानक, जिना आणि पूल मात्र पूर्वीचेच राहिले. हा बदल कोणाच्या ध्यानी प्रथम आला असेल? इमारतींना परवाने देणाऱ्या महापालिकेचा रेल्वेच्या जिन्याशी संबंध नव्हता. रेल्वेचा जमिनीच्या नियमांशी संबंध नव्हता. तो आला रोज सकाळी नऊच्या सुमारास त्या जिन्यावर अडकून पडणाऱ्या पासधारकाच्या ध्यानी. त्याने तो बोलूनही दाखविला होता. लोकप्रतिनिधींची पत्रे दिल्लीपर्यंत गेलेली होती, नवा रुंद पूल कागदोपत्री मंजूरही झालेला होता. एल्फिन्स्टन रोड पश्चिम रेल्वेचे आणि त्याला चिकटून असलेले परळ मध्य रेल्वेचे. दोन रेल्वेंच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत ती माहिती कोठेतरी थिजून राहिली.

त्यानंतर काय झाले ते वाचकांना आठवत असेल. सैन्याला पाचारण करण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे दुर्घटनेला पाच महिने होण्याच्या आतच, नवा पूल लोकांसाठी खुला झाला. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि चाळीसच्या आसपास माणसे गेली. तेथेही नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली. आपल्या अभियंत्यांना वेगाने बांधता येते, पैसा उभा करता येतो, मंजुऱ्या मिळविता येतात. फक्त त्यासाठी आधी माणसे मरावी लागतात. सावित्रीच्या पुलाची तर त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य असल्याचा निर्वाळा मिळालेला होता.

निर्वाळा देणाऱ्यांवर आमचा राग नाही. पण पाहणी म्हणजे काय आणि ती कोणी करावी, याचा विचार व्हावयास हवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेरचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी कोसळला, सात जणांचे प्राण गेले. त्या पुलाचीही तपासणी आदल्या वर्षी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्तीपलीकडे त्यात काही निघालेले नव्हते. तपासणी करणारा वर्षातून एकदा येतो; घाईत असतो; कदाचित दुपारी येतो, जेव्हा पूल रिकामा असतो. त्या पुलावरून रोज दोनदा जाणारा माणूस गर्दीच्या वेळी पाऊल टाकल्यावर लादी किंचित हलते हे जाणतो, कोठल्या सांध्यातून पाणी खाली ठिबकते हे जाणतो, कोणत्या खांबाशी गंजाचे ओघळ गेल्या पावसाळ्यापेक्षा या पावसाळ्यात लांबले आहेत हेही जाणतो. हे शास्त्र नव्हे, हे आम्हास मान्य आहे. पण ही माहिती आहे, आणि ती फुकट मिळते. वैद्यसुद्धा नाडी पाहण्यापूर्वी रोग्याला 'काय होते आहे' असे विचारतो.

पुलाच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. रस्ता महापालिकेचा, रूळ रेल्वेचे. पूल मात्र दोघांच्या मध्ये अधांतरी. अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ ३ जुलै २०१८ च्या सकाळी रुळांवर कोसळला आणि दोन जण मृत्युमुखी पडले, तेव्हा पहिले काही दिवस देखभाल कोणाची या वादातच गेले. पुढे हाच पूल ७ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला. पाडला गेला. अंधेरीकरांनी पंधरा महिने हाल सोसले आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू उघडली. तेव्हा सर्वांना जे दिसले ते पाहून हसावे की रडावे हेच कळेना. नवा गोखले पूल वर आणि त्याला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल खाली! दोहोंमध्ये माणसाच्या उंचीएवढे अंतर. रेल्वेने रुळांवरची उंची वाढवून मागितली होती, ती पुलाला मिळाली. शेजारच्या उड्डाणपुलाचे काय, हा प्रश्न त्या दोन कचेऱ्यांच्या मध्ये गळून पडला. नागरिकांनी आणि वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविल्यावर तज्ज्ञ संस्थांचा सल्ला घेण्यात आला, उड्डाणपुलाचा भाग उचलून घेण्यात आला, आणि जुलै २०२४ मध्ये ते दोन पूल एकदाचे भेटले. गोखले पुलाची दुसरी बाजू पूर्ण होऊन खुली होण्यास ११ मे २०२५ उजाडला. ज्या दिवशी त्या पुलाचा आराखडा तयार झाला त्या दिवशी तो अंधेरी स्थानकाच्या भिंतीवर टांगला असता, तर जुहूकडे रोज जाणाऱ्या एखाद्या रिक्षाचालकानेच विचारले असते की, साहेब, बर्फीवाल्यावर चढायचे कुठून?

हे सर्व आज लिहिण्याचे कारण असे की आपण एका विशेष काळात आहोत. १८६८ सालचा कर्नाक पूल २०२२ च्या नोव्हेंबरात पाडला गेला आणि त्याच्या जागचा नवा पूल १० जुलै २०२५ रोजी 'सिंदूर' या नावाने खुला झाला. लोअर परळचा डिलाईल रोडचा पूल २०१८ च्या जुलैत बंद झाला तो २०२३ च्या नोव्हेंबरात पुरता उघडला. शीवचा १९१२ सालचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला, त्यानंतर प्रभादेवीचा. इंग्रजांच्या राजवटीत बांधलेल्या पुलांची एक संपूर्ण पिढीच आपल्या डोळ्यांदेखत निरोप घेते आहे. या पुलांच्या जागी जे उभे राहील ते पुढची शंभर वर्षे तेथेच राहणार. १९१२ साली शीवचा पूल आखताना शेजारच्या वस्तीला कोणी विचारले नसेल, कारण तेव्हा राज्य परक्यांचे होते. आता ती सबब उरलेली नाही.

मग प्रवाशाला विचारण्याची काहीच व्यवस्था नाही काय? आहे. रेल्वेच्या प्रत्येक झोनला आणि विभागाला वापरकर्त्यांची सल्लागार समिती असते. कागदावर ती उत्तम आहे. व्यापारी मंडळांचे, लोकप्रतिनिधींनी सुचविलेले, प्रवासी संघांचे प्रतिनिधी तीत असतात. वर्षातून काही वेळा बैठक होते, इतिवृत्त लिहिले जाते, चहा होतो. या समित्यांवर मनापासून काम करणारे लोक आहेत, याची आम्हास कल्पना आहे. परंतु समिती सल्ला देते. तो स्वीकारलाच पाहिजे असे नाही, आणि नाकारला तर का नाकारला हे ज्याने तो दिला त्या प्रवाशापर्यंत पोहोचलेच पाहिजे असेही नाही. ज्या सल्ल्याला उत्तर मिळत नाही तो काही दिवसांनी सुचेनासा होतो.

आणि मग प्रवाशाजवळ दोनच मार्ग उरतात. एक न्यायालयाचा. घाटकोपरला जानेवारी २०१४ मध्ये एका विद्यार्थिनीने फलाट आणि गाडी यांच्यामधल्या पोकळीत पडून दोन्ही हात गमावले. त्यानंतर न्यायालयाचा बडगा उगारला गेला तेव्हा फलाटांची उंची वाढविण्याच्या कामाला खरी गती आली. फलाट खोल आहेत हे प्रवासी त्याआधी वर्षानुवर्षे सांगत होते. जून २०२४ मध्ये लोकलने रोज प्रवास करणाऱ्या एका गृहस्थाच्या जनहित याचिकेवर सुनावणी करताना, माणसांना गुरांप्रमाणे प्रवास करावा लागतो याची लाज वाटते, अशा आशयाचे उद्गार मुंबई उच्च न्यायालयाने काढले. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी सुमारे अडीच हजार माणसे मृत्यू पावतात, हे त्या लाजेमागचे गणित.

दुसरा मार्ग रुळांवर उतरण्याचा. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी वातानुकूलित लोकलविरुद्ध निदर्शने केली. साध्या गाड्या काढून त्यांच्या जागी वातानुकूलित गाड्या सोडल्या, त्यामुळे दुसऱ्या वर्गाच्या पासधारकाला पुढच्या गाडीची वाट पाहत ताटकळावे लागते, असे त्यांचे म्हणणे. काही दिवसांतच मध्य रेल्वेने त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या. निर्णय योग्य होता की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतात. वातानुकूलित गाडीचा पास काढलेल्या प्रवाशानेही त्यानंतर तक्रार केलीच. आम्हास खटकते ते निराळे. अर्ज करून जे वर्षात होत नाही ते गर्दी करून आठवड्यात होते, हा धडा या प्रकरणातून प्रवासी शिकला, आणि रेल्वेने तो स्वतःच्या हाताने शिकविला. अशाने सूचना करणारा शांत माणूस मागे पडतो आणि हरकत घेणारा आवाज तेवढा उरतो. नंतर अधिकाऱ्यांनीच म्हणावयाचे की लोक फक्त विरोध करतात!

लोकांचे म्हणणे एकमुखी नसते, ही अडचण खरी आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. बदलापूरच्या प्रवाशाला जलद गाडी हवी असते, तर मधल्या स्थानकाच्या प्रवाशाला ती आपल्याकडे थांबायला हवी असते. दोघांचेही एकाच गाडीने समाधान होणे शक्य नाही. मुंब्र्याजवळच्या वळणावर ९ जून २०२५ च्या सकाळी दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले, त्याच दिवशी चौघे दगावले. त्यानंतर नव्या साध्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे बसविण्याची घोषणा झाली. प्रवाशांची शंका एकच: दारे मिटली आणि वारा मिटला तर आत श्वास कसा घ्यावयाचा? यावेळी निदान ही शंका आराखड्यात शिरली. दारांना झडपा, छतातून हवा आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याची वाट, असा नमुना रेल्वेने जाहीर केला. शंका हरकत म्हणून न ऐकता माहिती म्हणून ऐकली की काय होते, त्याचे हे छोटेसे उदाहरण आहे. ते चार बळींनंतरचे आहे, हेही नमूद करावयास हवे.

आमच्या कोकणाला तर या बाबतीत उपदेशाची गरजच पडू नये, कारण आपली रेल्वे जनतेच्या सूचनेतूनच जन्मली आहे. अ. ब. वालावलकरांनी या रेल्वेचा ध्यास घेतला तेव्हा डोंगर आणि खाड्या पाहून तज्ज्ञ मान हलवीत होते. बॅरिस्टर नाथ पै यांनी तो प्रश्न संसदेत लावून धरला, मधू दंडवते यांनी पुढे नेला. दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या घातल्या. हा काही अभियांत्रिकीचा चमत्कार नव्हता. त्या फळीवर रात्र काढलेल्या माणसांचे म्हणणे मंत्र्याच्या कानी पोहोचले होते, एवढेच. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे हाल गांधीजींनी १९१७ सालीच पुस्तिका लिहून मांडले होते. फळीवर गादी येण्यास साठ वर्षे लागली.

कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० साली स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग देशाला अर्पण झाला. गोव्यात मात्र याच मार्गाने नागरिकांच्या म्हणण्याची एक कठीण परीक्षा घेतली. मार्ग किनाऱ्यालगतच्या खाजणांतून नेऊ नये, भराव घातल्याने पाण्याचा जुना निचरा अडेल, तो आतल्या बाजूने न्यावा, अशी मागणी तेथे झाली. १९९२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. १९९३ मध्ये न्यायमूर्ती ओझा यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. शेवटी मार्ग जवळपास ठरला होता तेथूनच गेला. त्या आंदोलनाला विकासविरोधी म्हणून नावे ठेवणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि रेल्वे आल्यावर गोवेकराने तिचा मनसोक्त लाभ घेतला हेही खरे. तरीही खाजणाचा बांध, मानशी आणि भरतीचे पाणी यांचे ज्ञान ज्या शेतकऱ्याजवळ पिढीजात होते त्याला पहिल्याच दिवशी नकाशापुढे बसविले असते, तर वाद न्यायालयात आणि आयोगापुढे इतकी वर्षे रेंगाळला नसता असे आम्हास वाटते. गोव्याने पुलाचाही अनुभव घेतलेला आहे. मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला तेव्हा तो दोन दशकांचाही नव्हता. त्यानंतर नवा पूल होईपर्यंत पणजी आणि बेती यांच्यामध्ये फेरीबोटीच्या रांगेत ज्यांनी तासन् तास काढले, त्यांना पूल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

आज कोकणच्या रोजच्या प्रवाशाचे दुखणे साधे आहे. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर साथीच्या काळात बंद पडली आणि परत आली ती दिव्याहून. गिरगाव, लालबाग, परळ येथे राहणाऱ्या चाकरमान्याने सामान, मुले आणि म्हातारी आई घेऊन आधी लोकलने दिवा गाठावे, मग गाडीत शिरावे, अशी ही सोय. गणपतीच्या दिवसांत विशेष गाड्यांच्या घोषणा होतात, त्यांचे कौतुकही होते. पण वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस चिपळूणहून खेडला, कुडाळहून सावंतवाडीला कामासाठी जाणाऱ्या माणसाला वेळेवरची साधी गाडी हवी आहे. रोहा ते वीर हा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला, २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाले. मे २०२५ मध्ये महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्यास महाराष्ट्राने संमती दिली. या सर्व गोष्टी मोठ्या आहेत. दादरच्या फलाटाची गोष्ट लहान आहे. म्हणूनच कदाचित ती कोणाच्या टेबलावर थांबत नाही.

ज्यांच्याजवळ गर्दीही नाही त्यांचे काय, हा विचार मात्र आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना सहसा शिवत नाही. महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. तिच्या एका काठावर गडचिरोलीचे अहेरी, दुसऱ्या काठावर तेलंगणातला बेज्जूर मंडळाचा प्रदेश. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातले बेज्जूर २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. काझीपेठ-बल्लारशाह हा दिल्ली-मद्रास मार्गाचा दुवा १९२९ च्या सुमारास पूर्ण झाला, आणि त्यावरचे सिरपूर कागजनगर हे त्या मुलखाचे रेल्वे स्थानक. गडचिरोली जिल्ह्यात मात्र वडसा म्हणजे देसाईगंज हे एकच स्थानक वर्षानुवर्षे होते. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत, मराठी आणि तेलुगू एकाच घरात बोलली जाते, बाजार सामाईक आहे. पण नदी ही दोन राज्यांची सीमा, आणि सीमेवरचा पूल म्हणजे अंधेरीच्या पुलाचाच पेच, फक्त अधिक रुंद पात्रावर. गुडेमजवळ पूल झाला तो अगदी अलीकडे. तोपर्यंत नावाड्याचा भरवसा. डिसेंबर २०१९ मध्ये तेथे नाव उलटून वनखात्याचे दोन कर्मचारी बुडाले. कळव्याच्या प्रवाशांनी गाडी अडविली तर राज्यभर बातमी होते. प्राणहितेच्या घाटावर नावेची वाट पाहणारे वीस जण कोणती गाडी अडविणार? सूचनेचे वजन डोकी मोजून ठरविले तर ती माणसे कायमच हलकी भरणार.

म्हणून आमचे म्हणणे असे. सूचनेला संख्येवरून नव्हे, तर आशयावरून उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते ठराविक मुदतीत, लेखी, कारणासह मिळाले पाहिजे. 'तपासून पाहिले, धोका नाही' हे उत्तरही चालेल. पण त्याखाली तपासणाऱ्याचे पद आणि तारीख हवी. कारण उद्या तो पूल पडला तर ते पत्र पुरावा म्हणून उभे राहील, आणि ही जाणीव असलेला माणूस आज पुलाखाली जाऊन एकदा नीट पाहून येईल. जेथे दोन खाती, दोन रेल्वे किंवा दोन राज्ये एका पुलावर भेटतात, तेथे पुलाच्या दोन्ही टोकांना पाटी लावून देखभाल कोणाची हे एकाच नावाने लिहावे. भांडणे असतील ती खात्यांनी आपसांत मिटवावीत, प्रवाशाला त्यात ओढू नये. सल्लागार समित्यांवर निम्म्या जागा तरी तिमाही किंवा वार्षिक पास काढणाऱ्या प्रवाशांमधून, स्थानकावरच सोडत काढून भराव्यात. त्यात बायका असाव्यात, कारण संध्याकाळी सातनंतर कोणता पूल ओसाड होतो आणि कोणत्या जिन्यावर दिवा नाही हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

आणि नव्या पुलाचे रेखाटन काम सुरू होण्यापूर्वी किमान दोन महिने संबंधित स्थानकांच्या तिकीट खिडकीशेजारी, सोप्या मराठीत, जिन्यांच्या जागा ठळक दाखवून लावावे. शेजारी एक वही दोरीने बांधून ठेवावी. दर शनिवारी त्या विभागाच्या अभियंत्याने ती स्वतः वाचून प्रत्येक नोंदीखाली सही करावी. शीव असो, प्रभादेवी असो वा प्राणहितेचा काठ, याला ना विशेष निधी लागतो, ना दिल्लीची मंजुरी.